सांगाड्यावरून डायनासोरचं रूप किती खरं उभं करता येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायनासोरचं चित्र दाखवलं की लहान मुलं हमखास विचारतात, "पण हे कुणी पाहिलं होतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" एवढंच सांगणं म्हणजे मुलांची बोळवण करणं. एकाच चित्रात काही गोष्टी मोजलेल्या असतात, काही नातेवाइकांवरून ताडलेल्या असतात आणि काही चित्रकाराने पदरच्या घातलेल्या असतात. कुठली गोष्ट कुठल्या प्रकारातली, हे चित्राखाली सहसा लिहिलेलं नसतं. ते निवडून पाहता यावं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

एका वाक्यात सांगायचं तर ही चित्रं खरी असतात की खोटी?

शरीराची ठेवण बरीच खरी, अंगावरचं मांस अंदाजाचं आणि रंग बहुतेकदा कल्पनेतला. मात्र काही मोजक्या प्राण्यांचा रंगसुद्धा आज पुराव्यानिशी माहीत आहे.

हे प्रमाण प्राण्यागणिक बदलतं. चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेला, कोंबडीएवढ्या अंगाचा सायनोसॉरॉप्टेरिक्स आपल्याला जितका ओळखीचा आहे, तितका आपल्या विदर्भातला आयसिसॉरस नाही. म्हणून "डायनासोर कसे दिसायचे?" असं सरसकट विचारू नये. या एका डायनासोरचं नेमकं काय काय सापडलंय, हे आधी विचारावं.

पूर्ण सांगाडा सापडतो का?

फार क्वचित. बहुतेक जाती अर्धवट सांगाड्यांवरून, काही तर मूठभर हाडांवरून ओळखल्या जातात.

आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव इथे, लमेटा नावाच्या डायनासोरकाळातल्या खडकांत, १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना एका लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरचा सांगाडा सापडला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी हे नाव दिलं. २००३ साली तो टायटॅनोसॉरसपेक्षा वेगळा ठरला आणि सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसिसॉरस झाला.

त्याचं काय सापडलं? मानेचे, पाठीचे, माकडहाडाचे आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कमरेची हाडं, खांदा आणि पुढचा पाय. दंडाचं हाड जवळजवळ दीड मीटर लांब. भारतातल्या डायनासोरांमध्ये हे घबाडच म्हणायला हवं. काय सापडलं नाही? कवटी, मागचे पाय आणि पावलं.

यातून एक विलक्षण प्राणी समोर येतो. मानेचे मणके उंच पण आखूड, म्हणजे मान भक्कम आणि जातभाईंच्या मानाने तोकडी. पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ खांद्याकडून शेपटीकडे उतरत गेलेली. हे सगळं हाडांतून दिसतं. पण आयसिसॉरसचं कुठलंही चित्र पाहाल तेव्हा त्यातलं डोकं आणि मागचे पाय उसने आणलेले आहेत, हे ध्यानात ठेवा.

मग नसलेली हाडं चित्रात कुठून येतात?

पहिला मार्ग सोपा आहे. डावा पाय सापडला असेल तर उजवा त्याच मापाचा. दुसरा मार्ग म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या जनावराची हाडं लहानमोठी करून वापरणं. तिसरा मार्ग जवळच्या नातेवाइकाकडे जाण्याचा. आयसिसॉरसचं डोकं रेखाटताना मादागास्करच्या रापेटोसॉरसकडे पाहता येतं. त्याचं वर्णन २००१ साली झालं आणि त्याची कवटीही सापडलेली आहे. दोघेही टायटॅनोसॉर कुळातले, आणि भारत व मादागास्कर एके काळी एकमेकांना चिकटलेले होते. आधार बरा आहे, पण शेवटी तो चुलत भावाचा चेहरा आहे.

हा तिसरा मार्ग किती दगा देऊ शकतो, याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात.

पहिलं ब्राँटोसॉरसचं. अमेरिकेत ऑथ्नील मार्श यांनी १८७९ साली त्याला नाव दिलं, पण डोकं मिळालं नव्हतं. मग कॅमारासॉरससारखं तोकडं, उंच डोकं बसवलं गेलं. ब्राँटोसॉरस आणि त्याचा जुळा म्हणावा असा अ‍ॅपेटोसॉरस, दोघांच्या सांगाड्यांवर आणि चित्रांत ते कित्येक दशकं तसंच राहिलं. खरं डोकं लांबट आणि डिप्लोडोकससारखं होतं, हे १९७० च्या दशकात पक्कं झालं आणि १९७९ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाने आपल्या अ‍ॅपेटोसॉरसचं डोकं बदललं.

दुसरं डायनोकायरसचं. १९६५ साली पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला गोबी वाळवंटात दोन प्रचंड हात सापडले, प्रत्येकी २.४ मीटर लांब, आणि त्यासोबत इतर थोडे तुकडे. जवळजवळ पन्नास वर्षं या हातांमागे कोण होतं, ते कळेना. हात शहामृगासारख्या दिसणाऱ्या डायनासोरांसारखे होते, म्हणून बहुतेक चित्रांत एक अवाढव्य शहामृग यायचा. २०१४ साली दोन नवे सांगाडे जाहीर झाले. त्यांतल्या एकाची कवटी चोरट्या बाजारातून युरोपात गेली होती, ती मंगोलियाला परत मिळाली. आणि दिसलं काय? पाठीवर उंच मणक्यांचं उंचवटेदार वशिंड, बदकासारखी पसरट चोच, दात नाहीत, जड अंग, रुंद पावलं. कुळ बरोबर ओळखलं होतं, रूप मात्र कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

हाडं जुळवतानाच चूक होऊ शकते का?

होते, आणि सुरुवातीच्या काळात फार झाली. इंग्लंडमध्ये गिडियन मँटेल यांनी १८२५ साली इग्वानोडॉन या झाडपाला खाणाऱ्या डायनासोरचं वर्णन केलं. त्यांच्या हाती मुख्यतः दात होते. पुढे एक शंकूसारखं टोकदार हाड मिळालं, ते नाकावरचं शिंग असावं असं ठरलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ साली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवलेले इग्वानोडॉन आजही उभे आहेत, गेंड्यासारखे चार पायांवर, नाकावर शिंग घेऊन. १८७८ साली बेल्जियममधल्या बेर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे ३० हून अधिक सांगाडे मिळाले, त्यांतले बरेचसे जागच्या जागी जुळलेले. लुई डोलो यांनी त्यांचा अभ्यास केला आणि ते शिंग म्हणजे हाताच्या अंगठ्याचं टोक असल्याचं सिद्ध झालं.

बेर्निसारमुळे नवी हाडं मिळालीच, पण त्याहून मोलाचं म्हणजे ती कुठलं हाड कुठल्या हाडाला लागून आहे हे दाखवत होती. सुटं हाड कुठेही बसवता येतं, सांध्यात अडकलेलं हाड तसं बसवता येत नाही.

उभं राहण्याची ढब कशी ठरते?

सांध्यांच्या आकारावरून आणि पाऊलखुणांवरून. टायरॅनोसॉरस रेक्सचं नामकरण १९०५ साली झालं. त्यानंतर कित्येक दशकं तो शरीर ताठ उभं धरून, शेपूट जमिनीवर टेकवून दाखवला जायचा. पण डायनासोरांच्या वाटांचे जे ठसे खडकात उमटले आहेत, त्यांत शेपूट ओढल्याच्या खुणा क्वचितच दिसतात. शिवाय शेपूट तशी टेकवायची तर तिचे मणके सांध्यातून निखळतील. १९७० च्या दशकापासून हे चित्र बदललं. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने १९९० च्या दशकात आपला टी-रेक्स पुन्हा मांडला, पाठ आडवी आणि शेपूट मागे तोल सावरणारी.

एक भाग मात्र अजून वादाचा आहे, तो म्हणजे लांब मानेच्या डायनासोरांची मान. नुसते मणके एकमेकांत नीट बसवले तर काहींच्या मते ती आडवी येते. पण आजचे प्राणी शांत उभे असतानाही मान हाडांच्या "सरळ" रेषेपेक्षा वर धरतात, असा दुसऱ्या गटाचा आक्षेप आहे. आणि मणक्यांमधली कूर्चा सहसा टिकतच नाही. पायांच्या हाडांच्या टोकांवरची कूर्चाही गेलेली असते, त्यामुळे मोठे डायनासोर सांगाड्यावरून दिसतात त्यापेक्षा थोडे उंचच असणार.

हाडांवर मांस किती चढवायचं, हे कशावरून ठरवतात?

स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे खडबडीत खूण, कंगोरा किंवा उंचवटा राहतो. बहुतेक डायनासोरांच्या मांडीच्या हाडावर मागच्या बाजूला असा एक उठावदार कंगोरा असतो. आजच्या मगरीत नेमक्या त्याच जागी शेपटीतून येणारा, पाय मागे खेचणारा दांडगा स्नायू जोडलेला आहे. म्हणजे डायनासोरांतही तो होता आणि चालण्याची बरीच ताकद शेपटीच्या बुडातून येत होती. जुन्या चित्रांतल्या दोरीसारख्या शेपट्या म्हणूनच चुकीच्या ठरल्या.

इथे मगर का आणि सरडा का नाही? डायनासोरांचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक दोन: पक्षी, जे डायनासोरांचेच वंशज आहेत, आणि मगरी, जी त्याच मोठ्या घराण्याची दुसरी शाखा आहे. एखादा मऊ अवयव दोघांतही असेल तर तो मधल्या डायनासोरांतही होता असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. एकातच असेल तर सावधपणे बोलावं लागतं. दोघांतही नसेल तर तो डायनासोरला चिकटवायला हाडाचा स्वतंत्र पुरावा हवा. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ लॉरेन्स विटमर यांनी १९९५ साली ही पद्धत नेटकेपणाने मांडली. आज कुठलंही गंभीर पुनर्रचनेचं काम तिच्याशिवाय होत नाही.

एवढं असूनही चरबी, कातडीच्या घड्या, गळ्याखालची पोळी यांचा माग हाडावर राहत नाही. त्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस कवटीची भोकं कातडीतून दिसावीत इतके खप्पड डायनासोर काढण्याची पद्धत पडली होती. जिवंत प्राणी असे क्वचितच दिसतात. आजच्या चित्रकारांनी ती सवय सोडली, हे फार चांगलं झालं.

वजनाचे आकडे एवढे वेगवेगळे का?

दोन पद्धती आहेत. एकीत दंडाच्या आणि मांडीच्या हाडाचा घेर मोजतात, कारण भार पेलणाऱ्या हाडाची जाडी आणि शरीराचं वजन यांचं नातं आजच्या प्राण्यांत तपासता येतं. दुसरीत सांगाड्याभोवती शरीर उभारून त्याचं घनफळ काढतात. दुसरीत शरीर किती भरीव धरायचं हा निर्णय आला, आणि तिथेच आकडे फाटतात.

बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातला जिराफाटायटन घ्या. १९६२ साली एडविन कोल्बर्ट यांनी लहान प्रतिकृती वाळूत बुडवून घनफळ मोजलं आणि वजन सुमारे ७८ टन काढलं. (आपल्या डोंगरगावच्या जातीच्या नावातला कोल्बर्टी तो याच कोल्बर्ट यांच्या सन्मानार्थ.) २०१२ साली त्याच सांगाड्याचं लेसरने मोजमाप करून दुसऱ्या गटाने सुमारे २३ टन काढलं. हाडं तीच! मधल्या काळात लक्षात आलं होतं की या प्राण्यांच्या मणक्यांत पक्ष्यांसारख्या हवेच्या पोकळ्या होत्या आणि जुन्या प्रतिकृती फार गुबगुबीत होत्या. आजचे बरेच अंदाज या दोन टोकांच्या मधले आहेत.

उलटंही होतं. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातल्या स्यू या टी-रेक्सच्या पोटाखालच्या बारीक बरगड्या आधी सांगाड्यात बसवलेल्या नव्हत्या. २०१८ साली त्या बसवून नवी मांडणी झाली आणि तिचं पोट पूर्वीपेक्षा बरंच मोठं दिसू लागलं.

आपल्या राजासॉरसची लांबीही अशीच आक्रसली. गुजरातमधल्या रहियोलीजवळ सापडलेल्या या मांसाहारी डायनासोरचं वर्णन २००३ साली झालं तेव्हा लांबी ९ मीटरपर्यंत धरली होती. नंतर अधिक पूर्ण सांगाडे असलेल्या नातेवाइकांची प्रमाणं लावून ती साधारण साडेसहा मीटरवर आली.

ज्या अवयवात हाडच नाही, तो आपल्याला कळणारच नाही का?

ही सर्वांत मोठी मर्यादा आहे. मोराचा पिसारा सांगाड्यात दिसत नाही. हत्तीच्या सोंडेत एकही हाड नाही, पण सोंडेची चाहूल कवटी देते: नाकाचं भोक वर सरकलेलं, आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या जाड मज्जातंतूसाठी मोठं छिद्र. आपल्या बैलाचं वशिंड स्नायू आणि चरबीचं असतं, तरी वशिंडाच्या जातीच्या गुरांत पाठीच्या काही मणक्यांचे काटे टोकाला दुभंगलेले असतात आणि उत्खननात पुरातत्त्वज्ञ त्यावरून ती ओळखतात. वशिंड आहे हे कळतं, किती मोठं हे कळत नाही. मला वाटतं, डायनासोरांच्या मऊ अवयवांबद्दल आपण साधारण याच जागी आहोत.

कधी नशीब साथ देतं. एडमाँटोसॉरस या बदकचोचीच्या डायनासोरची शेकडो हाडं माहीत होती, डोक्यावर तुरा असल्याची कुणाला शंकाही नव्हती. २०१३ साली कॅनडातल्या अल्बर्टामधून कातडीच्या ठशांसकट एक नमुना जाहीर झाला आणि त्याच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल तुरा होता. त्याला हाडाचा कसलाच आधार नव्हता. एका इतक्या अभ्यासलेल्या प्राण्याची ही गत, तर बाकीच्यांचे किती तुरे, झोळ्या आणि पिसारे मातीत विरले असतील!

अंगावर खवले होते की पिसं?

दोन्ही. कुणाच्या अंगावर काय, हे पुराव्यानेच ठरतं.

१९९६ साली लिआओनिंगमधून सायनोसॉरॉप्टेरिक्स पुढे आला, अंगभर मऊ तंतूंचं आवरण घेऊन. पक्ष्यांच्या बाहेरच्या डायनासोरांत पिसांसारखं आवरण दाखवणारा तो पहिला. तिथल्या तळ्यांच्या तळाशी बारीक गाळ आणि राख साचत गेल्यामुळे असे ठसे टिकले, नंतर त्यांची रांगच लागली. व्हेलॉसिरॅप्टरच्या अंगावरची पिसं कुणाला ठशात मिळालेली नाहीत. पण २००७ साली त्याच्या हाताच्या हाडावर ओळीने उंचवटे आढळले, पक्ष्यांत मोठी पिसं जिथे रोवलेली असतात तसेच. म्हणजे इथे पिसांची साक्ष हाडानेच दिली. सिनेमातला माणसाएवढा, खवल्यांचा व्हेलॉसिरॅप्टर विसरा. खरा टर्की कोंबडीच्या आकाराचा आणि पिसांचा होता.

टी-रेक्सची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचा चिनी नातेवाईक युटिरॅनस २०१२ साली जाहीर झाला, सुमारे ९ मीटर लांब आणि तरीही तंतुमय पिसांचा. लगेच केसाळ टी-रेक्सची चित्रं येऊ लागली. पण २०१७ साली टी-रेक्सच्या मान, कंबर आणि शेपटीवरच्या कातडीचे ठसे अभ्यासले गेले, त्यांत बारीक खवले आहेत. हे तुकडे छोटे आहेत, त्यामुळे पाठीवर कुठेतरी थोडे तंतू असण्याची शक्यता पूर्ण मिटत नाही. पण दाट पिसांचा टी-रेक्स आज कुणी काढला तर तो पुराव्याच्या विरोधात जाऊन काढतो.

राजासॉरसच्या कातडीचा ठसा मिळालेला नाही. चित्रांत त्याला खवले दिसतात, ते अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसवरून. तो त्याच कुळातला आणि त्याच्या कातडीचे चांगले ठसे मिळाले आहेत. उसनवारी आहे, पण योग्य घरातली.

रंग खरंच कळू शकतो?

हो. माझ्या मते गेल्या काही दशकांतला या शास्त्राचा हा सर्वांत आनंददायी शोध आहे.

पिसांत आणि कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य सूक्ष्म कणांत भरलेलं असतं. काळ्या-करड्या रंगाचे कण लांबट असतात, तांबूस-तपकिरी रंगाचे गोलसर. जीवाश्म पिसांत दिसणारे असे कण पूर्वी जिवाणूंचे अवशेष समजले जात. २००८ साली याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या एका पट्टेदार जीवाश्म पिसावर दाखवलं की ते रंगकण आहेत, कारण ते काळ्या पट्ट्यांतच होते, पांढऱ्यांत नव्हते. २०१० साली याच पद्धतीने सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे आलटून-पालटून पट्टे असल्याचं जाहीर झालं. २०१७ साली त्याच्या डोळ्यांभोवतीचा गडद पट्टाही ओळखला गेला. मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनासोरची पिसं कावळ्यासारखी काळी आणि चमकदार होती, हे २०१२ साली कळलं.

पिसं नसलेल्यांचाही रंग मिळतो. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयातल्या सिटाकोसॉरस या पोपटासारख्या चोचीच्या डायनासोरची पाठ गडद आणि पोट फिकं होतं. अशी रंगसंगती सावली लपवते. ती कुठल्या प्रकाशात उत्तम काम करेल हे तपासून तो दाट झाडीत राहत असावा असाही निष्कर्ष २०१६ साली काढला गेला. कॅनडातल्या एका खाणीत २०११ साली सापडलेला, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती बोरियालोपेल्टा तर झोपलेला वाटावा इतका सलग टिकलेला आहे. त्याच्या कातडीत तांबूस रंगद्रव्याचा अंश मिळाला. तो दगडातून मोकळा करायला एका तंत्रज्ञाने सुमारे ७,००० तास खर्च केले आणि जातीचं नाव त्याच्याच नावावरून ठेवलं गेलं. या कष्टांना असा मान मिळाला, याचं फार समाधान वाटतं.

मर्यादाही सांगायला हवी. हे कण फक्त मेलॅनिनचे रंग सांगतात. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग खाद्यातून येतो, त्याची अशी खूण उरत नाही. असा एखादा डायनासोर गुलाबी असता तर आपण तो पांढरा काढला असता. आणि आयसिसॉरस, राजासॉरस, टी-रेक्स यांचा रंग? तो सर्वस्वी चित्रकाराचा.

टी-रेक्सचे दात ओठांबाहेर दिसायचे का?

बहुधा नाही. मगरीचे दात उघडे राहतात आणि बाहेरच्या बाजूने झिजतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टी-रेक्सच्या कुळातल्या दातांवर तशी एकतर्फी झीज आढळली नाही. ओठांसारखी कातडी दात झाकून ठेवत असावी, असा त्याचा अर्थ. सगळ्यांना हे मान्य नाही, पण मला हा पुरावा वजनदार वाटतो.

स्पायनोसॉरसचं चित्र दर काही वर्षांनी का बदलतं?

कारण पाठीवर शीड असलेल्या या शिकारी डायनासोरची मूळ हाडंच नष्ट झाली. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधल्या हाडांवरून १९१५ साली त्याचं वर्णन केलं. ती हाडं म्युनिकमध्ये होती आणि एप्रिल १९४४ च्या बाँबहल्ल्यात जळाली. उरल्या त्या नोंदी, रेखाटनं आणि छायाचित्रं. मग मोरोक्कोतून नवी हाडं येऊ लागली. २०१४ साली मागचे पाय आखूड असल्याचं जाहीर झालं, २०२० साली वल्ह्यासारखी उंच, चपटी शेपटी मिळाली. ती शेपटी कुणी कल्पनेने काढली असती तर हास्यास्पद ठरली असती. तो खोल पाण्यात पोहून शिकार करायचा की काठावर उभा राहून, यावर अजून जोरात वाद आहे. पण दर वेळी चित्र बदललं ते नवी हाडं हाती आली म्हणून, आणि हे शास्त्राचं बळ आहे.

आवाज?

फार थोडं कळतं. पॅरासॉरोलोफसच्या डोक्यावरच्या लांब तुऱ्यात नाकाच्या पोकळ नळ्या होत्या, त्यांतून खोल, घुमणारा आवाज निघत असावा. सिनेमातली डरकाळी सिनेमाची आहे.

चांगलं चित्र ओळखायचं कसं?

शिकारी डायनासोरचे तळहात बघा. ते एकमेकांकडे, टाळी वाजवायच्या बेतात असावेत. त्यांची मनगटं वळून तळहात जमिनीकडे येतच नव्हते. तळहात खाली लोंबत असतील तर चित्रकाराने सांगाडा पाहिलेला नाही. शेपूट बुडाशी जाड आणि जमिनीपासून वर आहे ना, ते पाहा. टी-रेक्सला प्रत्येक हाताला दोन बोटं. कवटीची भोकं कातडीतून दिसत असतील तर चित्र जुन्या वळणाचं आहे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रं सगळीकडे फिरतात. त्यांत जुन्या-नव्या चित्रांची सरमिसळ असते, बोटांची संख्याही चुकते. शाळेच्या प्रकल्पासाठी ती वापरू नका, ही कळकळीची विनंती. संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली सांगाड्याची आकृती शोधा. तीत बहुधा सापडलेली हाडं वेगळ्या रंगात दाखवलेली असतात, आणि प्रामाणिकपणा तिथे उघड दिसतो.

आपल्याकडे पाहण्यासारखं काय आहे?

भारतातला सर्वांत देखणा उभा सांगाडा कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत आहे, बारापासॉरस टागोरेईचा. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात किमान सहा जनावरांची मिळून सुमारे ३०० हाडं सापडली, त्यांवरून तो उभा केला. कवटीचे फक्त दात मिळाले, म्हणून डोकं इथेही उसनंच. गुजरातमध्ये रहियोलीला २०१९ पासून डायनासोर संग्रहालय आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं नाव जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि तेही जीवाश्म झालेल्या विष्ठेसाठी. त्या विष्ठाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले आणि २००५ साली ते जाहीर झाले. डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि कुणीतरी ते खात होतं, याचा तो पुरावा ठरला. ही विष्ठा टायटॅनोसॉरांची असावी असं मानतात. म्हणजे आयसिसॉरसच्या काळचं दृश्य काढताना पायाशी गवताचे काही पुंजके दाखवले तर त्याला आधार आहे. हा शोध लागेपर्यंत डायनासोरच्या चित्रात गवत दिसलं की ती चूक समजली जायची.

शेतात किंवा ओढ्यात हाडासारखा दगड दिसला तर?

उचलू नका आणि खणू नका. फोटो काढा, फोटोत मापासाठी पट्टी किंवा नाणं ठेवा, जागा नकाशावर नोंदवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. मध्य भारताचं त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागालाही सांगता येईल. हाड कुठल्या थरात, कुठल्या हाडाशेजारी, कुठल्या बाजूला वळून पडलं होतं ही माहिती हाडाइतकीच मोलाची असते आणि घरी आणलेल्या तुकड्यातून ती कायमची निघून जाते. आयसिसॉरसची कवटी अजून मिळालेली नाही, आणि ती असलीच तर विदर्भातल्याच एखाद्या लमेटाच्या थरात असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.